पुडी, खबरी आणि सार्जंट फ्रायडे : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जुन्या अमेरिकन रेडिओ नाटकांवर लिहिताना मी 'ड्रॅगनेट'बद्दल जेमतेम एक परिच्छेद लिहिला होता, त्यातल्या अमली पदार्थांच्या भागांबद्दल तर दोनच ओळी, आणि पत्रं आली ती सगळी त्या दोन ओळींवर! त्यामुळे या वेळचं सदर पूर्ण त्यालाच देतेय.

ही मालिका नेमकी काय होती? मी कधी ऐकली नाही, कुठून सुरुवात करू? (एक वाचक, सांगली)

'ड्रॅगनेट' ३ जून १९४९ ला एनबीसी रेडिओवर सुरू झाली आणि १९५७ पर्यंत चालली, तीनशेहून जास्त भाग झाले. जॅक वेब नावाचा नट होता, तोच निर्माता, तोच दिग्दर्शक आणि तोच सार्जंट जो फ्रायडे, लॉस एंजेलिस पोलीस खात्यातला डिटेक्टिव्ह, बिल्ला नंबर ७१४. १९४८ साली वेबने 'ही वॉक्ड बाय नाइट' नावाच्या सिनेमात छोटं काम केलं होतं, तिथे सल्लागार म्हणून मार्टी विन नावाचे खरे पोलीस सार्जंट यायचे, त्यांच्याशी गप्पा मारताना या मालिकेचं बी पडलं. खरे पोलीस खरी केस कशी हाताळतात तेच दाखवायचं, ते पण लॉस एंजेलिसच्या पोलीस खात्याच्या मदतीने आणि त्यांच्या फायलींमधून. ड्रॅगनेट म्हणजे तसं मासे धरायचं, पाण्याचा तळ खरवडत जाणारं जाळं, आणि पोलिसांच्या भाषेत सगळीकडून आवळत आणलेला शोध.

सुरुवातीलाच निवेदक सांगतो की आता जी गोष्ट ऐकाल ती खरी आहे, फक्त निरपराध माणसांना त्रास होऊ नये म्हणून नावं बदलली आहेत. आणि मग तो थेट तुम्हालाच कामाला लावतो, म्हणजे "तुम्ही डिटेक्टिव्ह सार्जंट आहात, तुमची नेमणूक नार्कोटिक्स डिटेलवर आहे" असं, म्हणजे अमली पदार्थांच्या पथकावर. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटाच आला होता, कारण 'एक होता इन्स्पेक्टर' अशी गोष्ट सुरू न होता ती आपल्याच खांद्यावर येऊन बसते. दर भागात नेमणूक वेगळी, कधी दरोडा, कधी खून, कधी खोटे चेक, कधी हरवलेलं पोर, आणि मधूनमधून नार्कोटिक्स.

बरेचसे भाग इंटरनेटवर फुकट ऐकता येतात. बहुतेकांच्या नावात 'बिग' हा शब्द आहे त्यामुळे शोधताना गोंधळ होतो. 'द बिग मॅन' शोधा, १९५० चा, नार्कोटिक्सचा आहे. नावातच सगळं आलं, गल्लीतल्या पुडीवाल्याला धरून काही होत नाही, वरचा मोठा माणूस कोण तो हवाय. रात्री, दिवे बंद करून, हेडफोन लावून ऐका.

मी पोलीस खात्यात तीस वर्षं काढली, शेवटची काही अमली पदार्थ विरोधी पथकात. तुमच्या लेखावरून दोन-तीन भाग ऐकले. वाट बघणं, खबऱ्याला सांभाळणं, मुद्देमाल, हे सगळं अगदी आमच्यासारखं वाटलं. पण पंच कुठे दिसले नाहीत, वॉरंटही क्वचितच, हे लोक सरळ खोलीत घुसतात. असं चालायचं का तिकडे? (निवृत्त हवालदार, नाशिक)

काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण नेमकं दुखरं आहे तिथेच तुम्ही बोट ठेवलंत.

आधी पंचांचं. पंच आणि पंचनामा ही आपल्याकडची पद्धत, अमेरिकेत तशी नाही. तिकडे पोलिसाने स्वतः कोर्टात उभं राहून साक्ष द्यायची आणि आरोपीच्या वकिलाने त्याला उभाआडवा घ्यायचा. वॉरंट मात्र त्यांच्या राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीतच आहे, घराची झडती उगाच घ्यायची नाही, कारण दाखवून न्यायाधीशाकडून वॉरंट आणायचं. मग फ्रायडे इतका निवांत कसा? कारण मालिका सुरू झाली तेव्हा कॅलिफोर्नियाच्या कोर्टात असा कायदा होता की झडती बेकायदा असली तरी सापडलेला माल पुरावा म्हणून चालतो. दार तोडून मिळालेली पुडी आणि वॉरंट घेऊन मिळालेली पुडी, कोर्टाच्या टेबलावर दोन्ही सारख्याच.

आणि आता एक खरी केस सांगते, रेडिओवरची नाही. १ जुलै १९४९, म्हणजे 'ड्रॅगनेट' सुरू होऊन महिनासुद्धा झाला नव्हता. त्याच लॉस एंजेलिस काउंटीत शेरिफच्या खात्याचे तीन डेप्युटी, रॉचिन नावाचा माणूस अमली पदार्थ विकतो अशी काहीशी खबर मिळाली म्हणून सकाळी त्याच्या घरी गेले. खालचं दार उघडंच होतं, ते आत शिरले आणि वरच्या मजल्यावरच्या त्याच्या खोलीचं दार जबरदस्तीने उघडलं. पलंगाशेजारच्या टेबलावर दोन कॅप्सूल पडलेल्या, हे कुणाचं आहे म्हणून विचारेपर्यंत त्याने उचलून तोंडात टाकल्या. तिघांनी अंगावर झडप घालून त्या काढायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग बेड्या घालून त्याला हॉस्पिटलमध्ये नेलं आणि त्याच्या मनाविरुद्ध नळी घालून, औषध सोडून ओकायला लावलं. त्या ओकारीत दोन कॅप्सूल सापडल्या, मॉर्फिनच्या. त्या दोन कॅप्सूलवर त्याला शिक्षा झाली, साठ दिवसांची. साठ दिवस! केस वरवर जात शेवटी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेली आणि जानेवारी १९५२ मध्ये न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी लिहिलं की पोलिसांचं हे वागणं सदसद्विवेकाला धक्का देणारं आहे, आणि शिक्षा रद्द झाली.

पुढे १९५५ साली कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने काहान नावाच्या खटल्यात नियमच बदलला, बेकायदा मिळवलेला पुरावा चालणार नाही असा. ती केस सट्टेबाजीची होती आणि त्यात लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी, म्हणजे फ्रायडेच्याच खात्याने, लोकांच्या घरात गुपचूप मायक्रोफोन बसवले होते. सगळ्या देशाच्या राज्य कोर्टांना तो नियम लागू व्हायला १९६१ उजाडलं, आणि अटक केल्यावर 'तुम्हाला गप्प बसायचा हक्क आहे' असं जे पोलीस सांगतात ते तर १९६६ नंतरचं. त्यामुळे जुन्या भागांमध्ये फ्रायडे ते वाक्य म्हणत नाही, तेव्हा ते नव्हतंच.

आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात अंगझडती घेताना राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर नेण्याचा हक्क आरोपीला सांगावा लागतो, तो सांगितला नाही म्हणून माणसं सुटतात, हे मी तुम्हाला काय सांगणार. तुम्ही पत्रात लिहिलंय की अशी एक केस हातातून गेली तेव्हा तुम्ही रात्रभर झोपला नाहीत. ते मला समजतं. पण रॉचिनची नळी आठवली की मला तो हक्क हवासाच वाटतो.

नार्कोटिक्सच्या भागांमध्ये काही शब्द कळतच नाहीत. हाईप, बिंडल, फिक्स? सबटायटल पण नाहीत. (कॉलेजचा विद्यार्थी, पुणे)

अरे हे शब्द तेव्हाच्या लॉस एंजेलिसच्या रस्त्यावरचे आणि पोलीस ठाण्यातले, पुस्तकी नाहीत म्हणूनच अडखळायला होतं. हाईप म्हणजे सुईने नशा करणारा, इंजेक्शनची सुई म्हणजे हायपोडर्मिक, त्याचं तोडून हाईप, पोलीस हा शब्द सर्रास वापरायचे. बिंडल म्हणजे घडी घातलेला कागद, आपली पुडी. फिक्स म्हणजे एका वेळचा डोस. हॉर्स किंवा नुसतं एच म्हणजे हेरॉइन. रीफर म्हणजे गांजाची सिगरेट. पेडलर म्हणजे विकणारा. स्टूल पिजन म्हणजे खबरी, पण तो शब्द शिवीसारखा आहे, पोलीस चांगल्या मूडमध्ये असले की नुसतं इन्फॉर्मंट म्हणतात.

आपल्याकडे ऐंशीच्या दशकात मुंबईत ब्राऊन शुगर पसरली तेव्हा 'गर्द' हा शब्द आला आणि त्यावरून गर्दुल्ला. हाईप ऐकलं की मनात गर्दुल्ला ठेव, अर्थ नव्वद टक्के बसतो. फक्त एक फरक, गर्दुल्ला म्हणताना आपल्या आवाजात किळस असते. फ्रायडेच्या आवाजात किळस नसते, तो सगळ्यांशी एकाच पट्टीत बोलतो, घरमालकिणीशी, पेडलरशी, डॉक्टरशी. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, त्याला असल्या पोलिसी गोष्टींची आवड आहे. ड्रग्जचे भाग त्याला ऐकू द्यावेत का? भीती वाटते की कुतूहल वाढेल. (एक आई, डोंबिवली)

ताई, ऐकू द्या, पण पहिले दोन-तीन भाग तुम्ही सोबत बसून ऐका. या मालिकेत नशेचं वर्णन करून मजा आणलेली नाही, नशा केल्यावर काय वाटतं हे जवळजवळ येतच नाही, येतं ते नंतरचं, घाम, थरथर, खोटं बोलणं, चोरी, दार वाजलं की दचकणं. त्या काळात हॉलिवूडच्या सिनेमावर जी आचारसंहिता होती तिच्यात अमली पदार्थांचा व्यापार दाखवायला १९५६ पर्यंत बंदी होती, आणि रेडिओवर मात्र हे लोक गुरुवारी रात्री घराघरात ते सांगत होते, तेही मुलांच्या संदर्भात. याच मालिकेचा १९५२ साली टीव्हीवर आलेला 'द बिग सेव्हन्टीन' नावाचा भाग आहे, थिएटरमध्ये शाळकरी पोरं धुडगूस घालतात आणि तिथून धागा अमली पदार्थांपर्यंत जातो. सतरा हे वय आहे. शेवट मी सांगत नाही, पण तो ऐकून-बघून कुणाला मोह होईल असं वाटत नाही.

एका गोष्टीवर मात्र मुलाशी बोला. या मालिकेत गांजा आणि हेरॉइन एकाच तागडीत आहेत. तेव्हाचा कायदाच तसा होता, १९३७ चा मारिहुआना टॅक्स ॲक्ट आला, मग १९५१ चा बॉग्ज ॲक्ट, त्यात पहिल्याच गुन्ह्याला दोन ते पाच वर्षं, गांजा असो की हेरॉइन. हॅरी ॲन्सलिंगर हे अधिकारी १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचे प्रमुख होते, गांजा म्हणजे सर्वनाश हा प्रचार त्यांनीच जोरात चालवला. आज त्याच कॅलिफोर्नियात २०१६ च्या मतदानापासून मोठ्या माणसांना गांजा कायदेशीर आहे. आपल्याकडे तो बेकायदा आहे आणि पंधरा वर्षांच्या मुलाच्या मेंदूला तो वाईटच आहे, हे मुलाला स्पष्ट सांगा, पण दोन्ही एकच असं सांगू नका. मुलं ते नेटवर पाच मिनिटांत तपासतात, आणि एक गोष्ट खोटी निघाली की हेरॉइनबद्दल तुम्ही जे खरं सांगाल तेही त्यांना खोटं वाटायला लागतं.

"जस्ट द फॅक्ट्स, मॅम" हे वाक्य कुठल्या भागात आहे? सासरेबुवा म्हणतात ते प्रत्येक भागात आहे, मला एकदाही सापडलं नाही. (एक वाचक, न्यू जर्सी)

सापडणार नाही, कारण ते तसं नाहीच. फ्रायडे "आम्हाला फक्त माहिती हवीय" अशा अर्थाचं काहीबाही बोलतो, पण हे घासूनपुसून केलेलं वाक्य लोकांच्या तोंडी बसलं ते १९५३ साली स्टॅन फ्रीबर्गने मालिकेची नक्कल करणारी जी विनोदी रेकॉर्ड काढली तिच्यामुळे. सासरेबुवांना दोष देऊ नका, अख्ख्या अमेरिकेला असंच आठवतं.

ड्रग्जविरुद्धचा कार्यक्रम आणि मध्ये सिगरेटची जाहिरात? ऐकून विचित्र वाटलं. (एक डॉक्टर, औरंगाबाद)

मलाही वाटतं, दर वेळी. आधी फातिमा सिगरेट आणि नंतर चेस्टरफिल्ड, हे मालिकेचे प्रायोजक. हेरॉइनने खंगलेल्या माणसाची चौकशी संपते, संगीत वाजतं आणि निवेदक सांगतो की अमुक सिगरेट किती मुलायम आहे. तेव्हाच्या रेडिओत हे नेहमीचंच होतं, कुणाला खटकत नव्हतं. पण फ्रायडेचा पहिला जोडीदार बेन रोमेरो, त्याचं काम करणारे बार्टन यारबरो डिसेंबर १९५१ मध्ये हार्ट अटॅकने गेले, वय एक्कावन्न. मालिकेने त्यांचं पात्र बदलून वेळ मारून नेली नाही, रोमेरोही गेला असं दाखवून त्यावर एक भाग केला, 'द बिग सॉरो'. आणि जॅक वेब स्वतः १९८२ मध्ये हार्ट अटॅकनेच गेला, बासष्टाव्या वर्षी. तुम्ही डॉक्टर आहात, मी यावर जास्त बोलत नाही. पोलीस खात्याने वेब गेल्यावर ७१४ नंबरचा बिल्ला कायमचा निवृत्त केला, खऱ्या पोलिसाचा करतात तसा.

"गोष्ट खरी आहे" म्हणतात ती कितपत खरी? (एक वाचक, पणजी)

केस खरी, तपासाची रीत बऱ्यापैकी खरी, पण बाजू एकच. पोलीस खात्याच्या मदतीने आणि मंजुरीने बनलेल्या मालिकेत पोलीस चुकला, लाच घेतली, कुणाला बडवलं असं कसं येणार? १९५० पासून विल्यम पार्कर तिथले प्रमुख होते, त्यांनी भ्रष्टाचार बराच आवरला हे खरं, आणि 'ड्रॅगनेट'ने त्यांच्या खात्याची जी प्रतिमा केली ती त्यांना हवीच होती. पण त्याच १९५१ च्या ख्रिसमसला, रोमेरोचा आवाज कायमचा गेला त्याच आठवड्यात, या शहराच्या पोलिसांनी कोठडीतल्या सात तरुणांना बेदम मारलं, पाच मेक्सिकन वंशाचे, दोन गोरे. 'ब्लडी ख्रिसमस' म्हणून ते प्रकरण गाजलं, काही पोलिसांवर खटले झाले, शिक्षाही झाल्या. रेडिओवरच्या लॉस एंजेलिसमध्ये ही रात्र कधी झालीच नाही.

अमली पदार्थांच्या भागांत ही एकच बाजू जास्त बोचते. शेवटी निवेदक येतो, अमुक तारखेला सुपीरियर कोर्टात खटला चालला, आरोपीला इतकी शिक्षा, सॅन क्वेंटिन तुरुंग, संपलं. चोरीच्या केसमध्ये ते पुरतं. पण ज्याला व्यसन होतं त्याचं पुढे काय? तो बाहेर आल्यावर परत त्याच कोपऱ्यावर गेला का? निवेदक ते सांगत नाही आणि मला दर वेळी तेच ऐकायचं असतं.

आम्ही गावातल्या हौशी ग्रुपने गर्दवर एक श्रुतिका करायची ठरवलीय, पॉडकास्टसाठी. 'ड्रॅगनेट'मधून काय घ्यावं? (नाट्यप्रेमी, कोल्हापूर)

किती छान! पहिलं म्हणजे ओरडू नका. वेब नटांना सांगायचा की अभिनय करू नका, नुसतं बोला, आणि ऐकताना ते कळतं, खून झाल्याचं सांगणारा माणूस भाजीचा भाव सांगावा तसा सांगतो, म्हणून खरा वाटतो. आपल्याकडे नशेचं पात्र म्हटलं की जीभ जड करून किंचाळायचं, ते टाळा. व्यसनी माणूस बऱ्याचदा फार गोड आणि पटेल असं बोलतो, पैसे मागताना तर जास्तच.

दुसरं, आवाज. त्यांच्याकडे साउंड इफेक्टवाले एकाच वेळी बरीच माणसं असायची, पावलं, दार, फाइल उघडणं, काडी पेटवणं, सगळं वेगवेगळं. एका भागात लॉस एंजेलिसहून युटामधल्या फाउंटन ग्रीन नावाच्या गावाला ट्रंक कॉल लावायचा असतो, तर एक ऑपरेटर दुसरीला, दुसरी तिसरीला जोडत जाते आणि आपण ते सगळं ऐकत बसतो, कुणी काही महत्त्वाचं बोलत नाही आणि तरी उठवत नाही! आमच्या घरी ट्रंक कॉल बुक करून आई दोन-दोन तास फोनशेजारी बसायची, त्यामुळे मला तो भाग जास्तच जवळचा. तुम्ही एसटी स्टँडचा आवाज स्वतः जाऊन रेकॉर्ड करा, नेटवरून रेडिमेड घेऊ नका, कोल्हापूरच्या श्रोत्याला पहिल्या अनाउन्समेंटला कळेल.

तिसरं, सापळ्याचा सीन घाईत उरकू नका. खुणा केलेल्या नोटा, खबऱ्याचं 'येतो म्हणालाय' आणि तो न येणं, परत दुसऱ्या दिवशी तिथेच उभं राहणं, चहा थंड होणं, जोडीदाराने बायकोच्या आजारपणाबद्दल बोलणं. फ्रायडे आणि रोमेरो गाडीत बसून असंच बोलतात, आणि रोमेरो त्याला सारखा लग्न कर म्हणून सांगत असतो. यातूनच कळतं की हे काम किती दिवसांचं आहे.

आणि त्यांनी जे केलं नाही ते तुम्ही करा. कोर्टाचा निकाल सांगून थांबू नका. पुडी घेणाऱ्या पोराच्या घरी माइक न्या, त्याच्या आईला बोलू द्या, व्यसनमुक्ती केंद्रात पहिल्या आठवड्यात काय होतं ते तिथल्या समुपदेशकांना विचारून लिहा. नाशिकच्या हवालदारकाकांनी पत्रात लिहिलंय की कुणी विचारलं तर ते पोलिसांची बाजू समजावून सांगायला तयार आहेत, त्यांची परवानगी घेऊन मी तुमची गाठ घालून देते. स्क्रिप्ट झालं की पाठवा, मी वाचेन.